घरची खबरबात: रंगपंचमी ते पहिला पाऊस, २०२५ (नाशिककरांनो, सविस्तर लिहा)

गोदाकाठची | २२ जून

नमस्कार मंडळी. सोमवारी शाळा सुरू झाल्या, घर दुपारपुरतं तरी शांत झालंय, म्हणून बसले लिहायला. आमच्या घरच्या ग्रुपवर रोज ढिगाने फोटो येतात, खाली अंगठे आणि फुलं पडतात, आणि तरी परवा नागपूरच्या आत्यांचा फोन आला तेव्हा त्यांना पत्ताच नव्हता की आमची धाकटी पोहायला लागली आणि सासूबाई आता काठीशिवाय जिना उतरतात. निकाल, बारसं, नवी गाडी एवढंच सगळ्यांपर्यंत पोचतं. माझी आजी पोस्टकार्डावर लिहायची, त्यात चिंच फोडून झाली, गाय व्याली, अमक्याचा दात पडला, तमकीला रात्री खोकला येतो, असं सगळं असायचं आणि कार्ड वाचलं की ते घर डोळ्यासमोर उभं राहायचं. तसं लिहूया का इथे? मी सुरुवात करते, लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे वर्ष खरं सुरू होतं रंगपंचमीला (पाडवा नंतर येतो, मला माहितीये). आम्ही जुन्या गावठाणात राहतो. बाहेरगावच्यांसाठी सांगते, नाशकात धुळवडीला नाही, रंगपंचमीला रंग खेळतात आणि तोही रहाडीत. रहाड म्हणजे पेशवेकाळातला दगडी हौद, चौकाच्या मधोमध, वर्षभर बुजवलेला असतो, त्याच्यावरून रिक्षा-गाड्या जातात, खाली काय आहे हे नव्या माणसाला कळणारही नाही. रंगपंचमीच्या आधी उकरतात, साफ करतात, रंग भरतात, पूजा होते आणि मग माणसं त्यात धप्पा (उडी) मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, त्यामुळे संध्याकाळी शर्टावरून कळतं कोण कुठल्या चौकातून आला. यंदा १९ मार्चला आमचा थोरला, वय वर्षे अकरा, पहिल्यांदा त्याच्या बाबांबरोबर उतरला. दोन वर्षं नुसता काठावर उभा राहून बघत होता. मी समोरच्या ओट्यावर. त्याने नाक धरलं, बाबांकडे बघितलं आणि मारली उडी, वर आला तेव्हा फक्त डोळे आणि दात दिसत होते आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंच्या डोळ्यात टचकन पाणी, कारण त्यांना ह्यांची पहिली उडी आठवली. कानामागचा रंग पुढे कितीतरी दिवस गेला नाही आणि तो घासूही देईना.

मग कामदा एकादशीला रथ. रामरथ आणि गरुडरथ. रथाच्या पुढे बुवा रथाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतात ते धाकटीने यंदा पहिल्यांदा नीट पाहिलं आणि तेव्हापासून ती घरात देवघरातून स्वयंपाकघरापर्यंत उलटी चालते. रामरथ नदी ओलांडत नाही, गरुडरथ ओलांडतो, हे तिला आजोबांनी सांगितलं आणि ती आता शाळेत सगळ्यांना सांगते.

वाळवण. ह्यावर्षी हाच मोठा विषय. सासूबाईंचं म्हणणं कुरडया चैत्रातच उरकायच्या, मी म्हणत होते मेमध्ये करू, मुलांना सुट्टी असते, मदत होते. शेवटी त्यांचंच ऐकलं आणि बरं झालं बाई, कारण मेमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहितीये, पाऊसच पाऊस, गच्चीवर काही टाकायची सोय नाही. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, त्याचा तो आंबूस वास घरभर, मग वाटून, पिळून, चीक रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की खाली पांढराशुभ्र गोळा. शिजवताना हात थांबला की गुठळी झालीच, त्यामुळे मी ढवळत आणि सासूबाई बाजूला खुर्चीवर बसून "अजून नाही, अजून नाही, आता चकाकला बघ" असं सांगत. गरम चीक वाटीत, वर कच्चं तेल आणि मीठ, दोन्ही मुलं पातेल्याभोवती. गच्चीवर जुन्या साडीवर सोऱ्याने थोरल्याने घातलेल्या कुरडया सगळ्या वेगवेगळ्या आकाराच्या, त्या आम्ही वेगळ्या डब्यात ठेवल्यात, गणपतीत तळणार.

सासूबाईंचे गुडघे: दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, दोन्ही. पहिले महिने फार कठीण गेले, फिजिओथेरपीवाली ताई यायची तेव्हा त्या देवाचं नाव घेत घेत पाय वाकवायच्या. आता सकाळी रामकुंडापर्यंत चालत जाऊन येतात. त्यांच्याच शब्दात, "आता मी कुणाच्या उपकारात नाही."

धाकटी (सहा पूर्ण) त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर पोहायला शिकली. आधी पाण्यात तोंड घालायला तयार नव्हती. एके दिवशी सरांनी पाठीवरचा डबा सोडला आणि तिला सांगितलंच नाही, ती कडेपर्यंत गेली, मागे वळून बघितलं, डबा सरांच्या हातात. त्या दिवसापासून घरी अंघोळीच्या बादलीत तोंड बुडवून मोजायला लावते.

फिरणं एकच झालं पण मोठं, एप्रिलच्या शेवटी नागपूरला आत्यांकडे, सिन्नरहून समृद्धी महामार्गाला लागून, वाटेत सिंदखेडराजा आणि लोणार. राजवाड्यात थोरला एकदम गप्प झाला, जिजाऊंचा जन्म इथला, १५९८ चा, हे पुस्तकात वाचलेलं आणि प्रत्यक्ष त्या भिंतीला हात लावायचा म्हणजे वेगळंच. लोणारला वरून ते गोल तळं बघून धाकटी म्हणाली, "कुणी पाडलं हे?" उल्का पडली, खडकाला एवढं मोठं विवर पडलं, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद, हे तिला पटेना. पण तिला सगळ्यात नवल वाटलं ते पाण्याचं. काठावरच्या देवळात गोड्या पाण्याची धार बारमाही चालू आणि खाली तळ्यातलं पाणी खारट. २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं तेही सांगितलं, तर म्हणे तेव्हा का नाही आणलं मला. (तेव्हा ती वर्षाची होती.)

एवढं आमचं. आता तुम्ही लिहा. लहानसहान लिहा, तेच हवंय.

इंदिरानगरचा_बाबा | २२ जून

ताई, मस्त लिहिलंय. आमच्या घरी बातमी एकच आणि ती सव्वा वर्षाची आहे. 😊 चालायला लागली! अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिल. सोफा धरून चालायची, पण त्या दिवशी आईने आमरसाची वाटी पुढे धरली आणि हिने सोफा सोडला, चार पावलं, मग धपकन बसली, आणि रस मिळाला म्हणून रडलीही नाही. व्हिडिओ नाही कारण माझ्या हातात पुरी होती.

त्याआधी चैत्रात जावळाला सप्तशृंग गडावर गेलो होतो, कुलदेवता. चैत्रोत्सवाची गर्दी ओसरल्यावर गेलो मुद्दाम, कारण उत्सवात खानदेशातून पायी लोक येतात, बाळाला घेऊन त्या रेट्यात जायची हिंमत नव्हती. आईला दम लागतो, तिला पाचशेच्या वर पायऱ्या शक्य नाहीत, पण आता ती ट्रॉली आहे ना रुळावरची, फ्युनिक्युलर, तिने आई थेट वर. कितीतरी वर्षांनी तिने देवीला समोरून बघितलं. शेंदूर काढल्यानंतरचं मूळ रूप (२०२२ मध्ये काढला) तिने बघितलंच नव्हतं, ती हात जोडून उभीच राहिली, मागचे लोक पुढे सरका म्हणतायत आणि ती नुसती बघतेय, अठरा भुजा एकेक मोजत असल्यासारखी.

एक विचारायचं होतं, कुरडयांचा चीक सव्वा वर्षाच्या बाळाला चालतो का?

गोदाकाठची | २२ जून

@इंदिरानगरचा_बाबा अरे वा! दृष्ट काढा तिची. चीक आमच्याकडे लहानांना दूध-साखर घालून पातळ करून देतात, दोन-तीन चमचे, थोरल्याने त्या वयात खाल्लाय. पण गव्हाचं आहे, तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि पहिल्यांदा अगदी बोटभर चाटवून बघा.

निफाडचा_शेतकरी | २२ जून, रात्री

राम राम. मी इथे वाचतच असतो, लिहीत नाही जास्त. पण ताईंनी लहानसहान लिहा म्हटलं म्हणून लिहितो.

आमच्याकडं यंदा मे महिन्यानं सगळंच उलटंपालटं केलं. उन्हाळ कांदा आमचा एप्रिलअखेर काढून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर जागेत, गेला होता म्हणून वाचला. भावकीतल्या दोघांचा काढून पोळ घालून शेतात पडलेला, ताडपत्री टाकेपर्यंत पावसानं गाठलं, भिजलेला कांदा चाळीत टाकला की आठवड्यात पाणी सुटतं. आम्ही सगळ्यांनी मिळून निवडला, बायकामाणसं, पोरं, रात्री लाईट लावून, त्यातला बराच फेकावा लागला. नुकसान झालं ते झालं, पण त्या रात्री भावकी पुन्हा एका जागी बसली, बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं ते बोलायला लागले. हीपण घरचीच खबर.

बागेचं सांगतो. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलला होते. लोकांना वाटतं आता काय, बाग मोकळी. तसं नसतं, नवी काडी फुटते आणि मेच्या कडक उन्हात त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, बारीक, बाहेरून काहीच दिसत नाही. ऊन पाहिजे म्हणजे पाहिजेच. यंदा मेमध्ये ढग, पाऊस, बाग गार. घड किती धरला ते खरं ऑक्टोबरला गोडी छाटणी केल्यावर कळतं. पण काडी तपासून घेता येते, डोळा चिरून मायक्रोस्कोपखाली बघतात.

आता खरी बातमी. माझी पोरगी दहावीला होती, १३ मेला निकाल लागला, नव्वदच्या वर. पेढे वाटले ते सगळ्यांना माहीत आहे. पण ती काडी तपासायला माझ्याबरोबर आली होती ते कुणाला माहीत नाही. तिथल्या माणसानं तिला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. ती बराच वेळ डोळा लावून बसली आणि मग म्हणाली, पप्पा, घड आहे, इवलासा आहे पण आहे. मी बावीस-पंचवीस वर्षं बाग करतो, मला त्या भिंगातून नीट दिसत नाही, तिला दिसलं. घरी येताना गाडीवर मागं बसून म्हणाली मला शेतीचंच शिकायचंय, बीएस्सी ॲग्री. माझे वडील ऐकून म्हणाले की पोरीच्या जातीला शेतीतून सुटका पाहिजे आणि ही परत तिकडंच. मी त्यांना म्हटलं, बाबा, ही राबायला नाही, बघायला शिकतेय. आता अकरावीला सायन्स, यंदा सगळ्या राज्यात ऑनलाइनच प्रवेश आहेत, फॉर्म भरलाय, यादीची वाट बघतोय. पिंपळगाव का नाशिक हे ठरत नाहीये, बायको म्हणते जवळ पाहिजे.

पंचवटी_पासवाला | २३ जून

निफाडचे भाऊ, तुमची पोस्ट घरात मोठ्याने वाचली. पोरीला नाशिकला पाठवा. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, रोज ये-जा करणाऱ्या किती मुली निफाडहून येतात.

आमची बातमी पण मुलीचीच आहे. मी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जा-ये करणारा जुना पासवाला, आमचा डबा ठरलेला, माणसं ठरलेली, डब्यात वाढदिवस होतात, गणपती बसतो, कुणी रिटायर झालं की निरोप समारंभ पण डब्यातच. माझी लेक लहान असताना सकाळी अंधारात निघायचो तेव्हा ती झोपलेली आणि रात्री यायचो तेव्हाही झोपलेली. मे महिन्यात तिला दादरजवळ नोकरी लागली, पहिलीच. पीजी बघूया म्हटलं तर म्हणाली पहिले काही महिने मी तुमच्याबरोबर येते बाबा. आता रोज सकाळी दोघं स्टेशनला. इगतपुरीला इडली-वडा घेतो अर्धा अर्धा. कसारा घाटात पाऊस लागला की ती खिडकीपाशी. डब्यातल्या काकांनी तिला पहिल्या पगाराच्या दिवशी श्रीफळ दिलं. लहानपणी मला तिचं बोलणं ऐकायला मिळालं नाही ते आता मिळतंय, कल्याण येईपर्यंत बोलत असते.

सिडकोची_सायकलवाली | २३ जून

किती छान छान बातम्या.

आमच्याकडून: नवरा यंदा नाशिक ते पंढरपूर सायकल वारीला गेला, पहिल्यांदा. मुलगा (आठवीत) हटून बसला होता मलाही यायचंय, पण त्याचा सराव कमी होता म्हणून नाही नेलं. तर पठ्ठ्याने तेव्हापासून रोज पहाटे उठून सोमेश्वरपर्यंत जाऊन यायचा नेम धरलाय, पाऊस असला तरी. पुढच्या वर्षी जाणार म्हणजे जाणार. मी पुढच्या वर्षी तिघांची नावं देणार आहे!

आणि हो, कुंभमेळ्याच्या कामांसाठी आमच्या बाजूचा रस्ता खणलाय, २०२७ पर्यंत हे चालायचंच, पण लहान मुलं सायकलवर असतील तर संध्याकाळी जरा जपून, लाईट लावा पुढे-मागे.

मखमलाबाद_नाका | २४ जून

विषय चांगला आहे, माझंही मन भरून आलं वाचून. एक मात्र कळकळीने सांगतो, मुलांचे फोटो, शाळेचं नाव, क्लासची वेळ असलं काही टाकू नका इथे. उघडी जागा आहे, कोणीही वाचतं. माझ्या ओळखीत एकांना त्याचा त्रास झालाय.

गोदाकाठची | २४ जून

@मखमलाबाद_नाका एकदम बरोबर बोललात. म्हणूनच मी थोरला-धाकटी म्हणते, नावं नाही घेतली. सगळ्यांना विनंती, फोटो नकोतच, शब्दांत लिहा. आणि तुमचंही काहीतरी लिहा की!

मखमलाबाद_नाका | २४ जून

आमचं काय, मी आणि सौ. दोघंच. मुलगा बंगळुरूला. पण लिहितो, कुंडीतल्या मोगऱ्याला मेच्या पावसाने दुसरा बहर आला, सौ. रोज सकाळी गजरा करते आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या नव्या लग्न झालेल्या मुलीला देऊन येते. तिचं माहेर लांब आहे, बीडकडचं. ती आता आमच्याकडे दुपारी चहाला येते. मुलगा फोनवर म्हणाला, आई हल्ली आनंदात वाटते. म्हटलं हो.

सिन्नरफाटा | २४ जून

@गोदाकाठची समृद्धीने गाडी घेऊन गेलात तर दोन गोष्टी सांगा ना. आम्हाला पण दिवाळीत नागपूरला जायचंय, मुलं लहान आहेत, आणि टायर फुटतात म्हणतात ते खरं का?

गोदाकाठची | २४ जून

@सिन्नरफाटा ह्यांना विचारून लिहितेय. काँक्रीटचा रस्ता, तापतो, आणि सरळ असल्यामुळे वेग कळत नाही. निघायच्या आधी टायर जुने झालेत का बघा, हवा नेमकी ठेवा, जास्त भरू नका. १२० च्या वर मुळीच नाही, आम्ही शंभरच्या आतच होतो. उन्हाळ्यात पहाटे निघालेलं बरं, दिवाळीत एवढं ऊन नसेल. एकसारखा रस्ता बघून चालवणाऱ्याला झापड येते, ती सगळ्यात मोठी भीती, म्हणून दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा, मुलांनाही बरं. खाण्यापिण्याचं बरोबर ठेवा, पाणी भरपूर. लोणारला जायचं तर मेहकरला उतरायचं. आणि आता ५ जूनपासून इगतपुरीच्या पुढचा तुकडाही सुरू झालाय, त्यामुळे मुंबईकडून येणाऱ्या पाहुण्यांना कसारा घाट टाळून तो बोगद्यातला रस्ता मिळतो. आमच्या नणंदबाई तशाच आल्या परवा.

देवळालीची_आजी | २५ जून

सर्वांना आशीर्वाद. मी टाइप हळू करते, त्यामुळे दोन दिवस लागले.

माझा मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला. दोन नातवंडं, नात दहा वर्षांची, नातू सात. ते नेहमी नाताळात येतात, थंडीत. तेव्हा आपल्याकडे द्राक्षं नुकती सुरू होत असतात, हुरडा मिळतो, छान असतं, पण सण कुठला मिळत नाही, संक्रांतीच्या आत परत जायचं. यंदा सुनेने ठरवलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचं. त्यांच्याकडे शाळा जुलैच्या शेवटी बंद होते आणि सप्टेंबरच्या मध्यावर उघडते. म्हणजे ऑगस्टचा अख्खा महिना माझा. म्हणजे श्रावण! राखी, गोकुळाष्टमी, पोळा, आणि २७ ऑगस्टला गणपती. माझ्या नातवंडांनी आपला गणपती घरी येताना कधी पाहिलेला नाही. ती रोज फोनवर विचारतात, आजी, आपला बाप्पा केवढा आणायचा, मी म्हणते तुमच्या मांडीवर मावेल एवढा.

मी तयारीला लागले आहे. माळ्यावरचं पितळी घंगाळ काढून चिंचेनं घासलं. नातीला परकर-पोलकं शिवायला टाकलंय, माप फोनवर घेतलं, सुनेने टेप धरली आणि मी इथे लिहून घेतलं. नातवाला मिसळ खायची आहे पण तिखट नको, मी म्हटलं आपण मोडाची उसळ, वर फरसाण आणि दही भरपूर, तर्री वेगळ्या वाटीत, आणि पापड.

मला तुम्हा मुलांना विचारायचं आहे. श्रावणातला तिसरा सोमवार ११ ऑगस्टला आहे, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी (प्रदक्षिणा) मुलांना जमेल का? आणि पोळा त्यांना खरा दाखवायचा आहे, मातीच्या बैलांचा नाही, खऱ्या बैलांचा. आमच्या कॅम्पात आता बैल कुठे. माझ्या माहेरी गोठा होता, पण आता भावाने ट्रॅक्टर घेतला.

सिडकोची_सायकलवाली | २५ जून

आजी, फेरीचं सांगते, आम्ही जातो. तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला तुफान गर्दी असते, लोक रविवारी रात्रीच कुशावर्त कुंडावर अंघोळ करून निघतात, अंधारात, पावसात, चिखलात. ज्यांना सवय आहे त्यांना तो आनंद शब्दात सांगता येणार नाही इतका असतो, पण सात वर्षांच्या बाहेरून आलेल्या मुलासाठी पहिल्यांदाच ते नको वाटतं मला. मधल्या एखाद्या वारी दिवसा घेऊन या त्र्यंबकला, दर्शन करा, वाटेत अंजनेरीच्या पायथ्याशी थांबा, धबधबे, हिरवं, ढग खाली उतरलेले. मुलं खूश होतील. दहा वर्षांच्या नातीला पाहिजे तर मी माझ्या मुलाबरोबर थोडं पुढपर्यंत फेरीच्या वाटेने फिरवून आणेन, खरंच, मनापासून म्हणतेय.

इंदिरानगरचा_बाबा | २५ जून

आजी, टाइप हळू करता पण लिहिलंय किती सुंदर. परकर-पोलक्याचं वाचून बायकोने लगेच सव्वा वर्षाच्या कन्येसाठी कापड बघायला सुरुवात केली.

पंचवटी_पासवाला | २५ जून

आजी, ऑगस्टमध्ये मुंबईहून मुलांना आणताना दिवसाच्या गाडीने आणा. इगतपुरी-कसारा पट्टा पावसाळ्यात बघण्यासारखा असतो, रात्री विमानतळावरून थेट टॅक्सी केली तर मुलं झोपूनच येतील.

निफाडचा_शेतकरी | २६ जून, पहाटे

आजी, पोळ्याला आमच्याकडं या. हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही, घरात विचारून लिहितोय. आमच्याकडं अजून एक बैलजोडी आहे. ट्रॅक्टर आहे, पण वडिलांनी जोडी विकू दिली नाही.

पोळा २२ ऑगस्टला, शुक्रवारी. पण तुम्ही आदल्या दिवशी गुरुवारी संध्याकाळी या, कारण खांदेमळणी तेव्हाच असते आणि पोरांना तेच जास्त आवडंल. बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, तूप-हळद चोळायची आणि त्यांच्या कानात सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." हे तुमच्या नातवंडांनी सांगावं, माझे वडील शिकवतील. मोठा बैल गरीब आहे, पोरांना हात लावू देतो. धाकटा जरा झटका मारतो, त्याच्यापासून लांब.

रात्री मुक्काम इथंच करा. शुक्रवारी सकाळी धुवायला नेतो, मग शिंगं रंगवायची, रंग पोरांना देऊ, झूल, गोंडे, घुंगरमाळा, नवी वेसण. संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी गावातल्या सगळ्या जोड्या येतात. बायको पुरणपोळ्या करते, बैलांना आधी, मग आपण.

पोरगी म्हणते जर्मनीच्या ताईला मी बाग दाखवते. तोवर तिची अकरावीची यादीपण लागलेली असेल.

देवळालीची_आजी | २६ जून

भाऊ, काय लिहू. नक्की येऊ, सगळे येऊ. सुनेला आत्ताच फोन करून सांगितलं, तिकडे पहाट होती तरी ती उठून बसली. मी काय आणू ते सांगा. रिकाम्या हाताने येणार नाही. तुमच्या लेकीला काय आवडतं?

निफाडचा_शेतकरी | २६ जून

काही आणू नका आजी. अगदीच आणायचं तर पोरीला ते भिंग हवंय, हातात धरायचं, साधं. शेतात पान उलटून बघायला. देवळालीहून येताना नाशिकरोडवरून सिन्नरकडं वळू नका, द्वारकेवरून औरंगाबाद रोडनं सरळ निफाडला या, तिथं पोचलात की फोन करा, मी फाट्यावर घ्यायला येतो. नंबर इथे टाकत नाही, मखमलाबादच्या काकांनी सांगितलंय ते बरोबर आहे. व्यनि (खासगी निरोप) करतो.

गोदाकाठची | २७ जून

मी वाचून इतकी खूश झालेय. भाऊ, आमची दोघं मागे लागलीयेत, आम्ही पण आलो तर चालेल का? कुरडयांचा तो डबा घेऊन येते, गणपतीपर्यंत थांबत नाही.

निफाडचा_शेतकरी | २७ जून

या की ताई. अंगण मोठं आहे. तळायची कढई आमच्याकडं आहे.